एकाच डब्यातून दोन लाइनी, तरी घरून दुकान का दिसत नाही?

दारव्हा तालुक्यातल्या एका भाऊंचा प्रश्न आहे. गावाच्या बाजार चौकात त्यांचं कृषी केंद्र आणि तिथून तीनशे मीटरवर घर. दोन्हीकडे एकाच ऑपरेटरचं इंटरनेट. दोन्ही लाइनी चौकातल्या खांबावरच्या एकाच डब्यातून निघतात, हे त्यांनी स्वतः पाहिलंय. दुकानात चार कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा डबा) आहे. खरिपाच्या दिवसांत खताची गाडी रात्री-बेरात्री येते, म्हणून त्यांना घरच्या टीव्हीवर दुकान पाहायचंय. मोबाइलच्या अ‍ॅपवर चित्र येतं, पण अडकत अडकत. घरी बसून डीव्हीआरचा १९२.१६८.१.१०८ हा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, टाकला तर काहीच उघडत नाही, पिंगसुद्धा (समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघायची हाक) लागत नाही. ऑपरेटरचा पोरगा म्हणाला, "आयसोलेशन आहे भाऊ, होत नाही." त्यावर त्यांचं म्हणणं असं, की दोन्ही वायरी एकाच डब्यात असताना डेटा यवतमाळला जाऊन परत कशाला येतो, तिथल्या तिथे का वळत नाही? आणि मुद्दाम अडवून जास्तीचे पैसे काढायचा हा प्रकार तर नाही ना?

भाऊ, मी अठरा वर्षं याच कामात आहे. आधी केबल ऑपरेटरकडे खांबावर चढून तांब्याच्या वायरी ओढल्या, आता दोन-तीन तालुक्यांतलं नेटवर्क सांभाळतो. प्रश्न छोटा वाटतो, पण त्यात तीन वेगवेगळे प्रश्न गुंतलेत. ते सुटे करून सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुमचं दुकान घरून दिसत नाही, त्याचं पहिलं कारण आयसोलेशन, म्हणजे गिऱ्हाइकांच्या लाइनी एकमेकांपासून तोडून ठेवणं, हे नाही. ऑपरेटरच्या पोराने सांगितलं ते खोटं नाही, पण अर्धं आहे. १९२.१६८.१.१०८ हा आयपी दुकानातल्या राउटरने दुकानापुरता वाटलेला आहे. घरचा राउटरही घरात बहुतेक १९२.१६८.१ वालेच आयपी वाटतो. त्यामुळे घरच्या टीव्हीने १०८ नंबर मागितला की तो घरातच शोधला जातो, विचारणा दाराबाहेर पडतच नाही. उद्या ऑपरेटरने सगळं आयसोलेशन काढून टाकलं तरी तुमच्या टीव्हीवर दुकान येणार नाही. पण मग हे आयसोलेशन असतं कशासाठी, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. बरेच ऑपरेटरही त्याचं नीट उत्तर देत नाहीत. ते आधी घेतो, कॅमेऱ्याचं शेवटी.

त्या डब्यापासून सुरू करू. त्यात नेमकं काय आहे, यावर बरंच अवलंबून आहे. लाइनमनने झाकण उघडलं की आत डोकावून बघा. बारीक पिवळ्या किंवा पांढऱ्या वायरी, टोकाला हिरवे नाहीतर निळे कनेक्टर, आणि कुठे विजेची वायर नाही, दिवा नाही, तर तो स्प्लिटर आहे. म्हणजे नुसती काच. वरून एका फायबरमधून आलेला उजेड तो आठ किंवा सोळा घरांत वाटून देतो. घराकडून आलेला उजेड फक्त वरच्या दिशेने, जिथे सगळ्या घरांच्या फायबर येऊन मिळतात त्या ऑपरेटरच्या ओएलटी मशीनकडे जातो. शेजारच्या घराच्या फायबरमध्ये तो वळवायची सोय त्या काचेत नसतेच. तिथे ना पत्ता वाचणारं कोणी आहे, ना निर्णय घेणारं. त्यामुळे तुमच्याकडे फायबर असेल, आणि आता बहुतेक गावांत तेच आहे, तर तुमचा डेटा डब्यात वळत नाही कारण तो तिथे वळूच शकत नाही. कोणी अडवलेला नाही. वळायचाच झाला तर तो ओएलटीत वळेल, आणि ओएलटी तुमच्या गावात नसून तालुक्याला असण्याचीच शक्यता जास्त.

पण डब्यात अडॅप्टर असेल, हिरवे दिवे लुकलुकत असतील, आणि घराकडे तांब्याची आठ तारांची वायर येत असेल, तर तो स्विच आहे, म्हणजे पत्ता वाचून डेटा त्या त्या वायरीकडे वळवणारं यंत्र. तिथे डेटा वळू शकतो. एकेकाळी वळतही होता. तेव्हा काय काय झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

स्विच मुळात ऑफिसासाठी जन्मलेलं यंत्र आहे. ज्या इथरनेटवर तो चालतो, ती पद्धत १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत निघाली. एका इमारतीतली, एकाच संस्थेतल्या माणसांची मशीन एकमेकांशी बोलावीत, एवढाच हेतू. सगळे एका घरचे, तर संशय कशाला घ्यायचा? म्हणून या पद्धतीच्या खालच्या थरात खातरजमा करायची सोयच ठेवलेली नाही. उदाहरणार्थ, एखाद्या मशीनला दुसऱ्याचा पत्ता हवा असेल तर ते गावात दवंडी द्यावी तसं सगळ्यांना ओरडून विचारतं, "अमुक आयपी कोणाचा?" ज्याचा असेल त्याने उत्तर द्यायचं. याला एआरपी म्हणतात आणि त्याचे नियम १९८२ सालचे आहेत. ज्याचा आयपी नाही त्यानेही "माझा आहे" म्हटलं तर विचारणारा विश्वास ठेवतो. ऑफिसात हे खपून जातं. एकमेकांशी काही संबंध नसलेली दोनशे घरं त्याच स्विचवर आणून ठेवली की हाच भाबडेपणा महागात पडतो.

२०१० च्या आसपास आम्ही ज्या ऑपरेटरकडे होतो तिथे खांबाखांबावर आठ पोर्टचे, म्हणजे वायर लावायच्या आठ भोकांचे, साधे स्विच होते, प्लास्टिकच्या डब्यात. कसलंच आयसोलेशन नव्हतं. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी सातच्या सुमारास एका मोहल्ल्यातून फोन सुरू झाले. तासाभरात तीसेक तक्रारी. प्रत्येकाकडे तेच: कॉम्प्युटर म्हणतो नेट जोडलेलं आहे, पण पान उघडत नाही. मी एका घरी जाऊन पाहिलं तर मशीनला आमचा आयपी मिळालाच नव्हता, १९२.१६८.० वाला मिळाला होता. म्हणजे मोहल्ल्यात दुसरंच कोणीतरी आयपी वाटत होतं. आमच्या सर्व्हरपेक्षा ते जवळ होतं, म्हणून त्याचं उत्तर आधी पोचत होतं, आणि मशीन पहिलं मिळालेलं उत्तर घेऊन मोकळं होत होतं.

शोधायचं कसं? साधा स्विच काही सांगत नाही. एक जण त्या घरी पिंग लावून फोनवर बसला, मी टॉर्च घेऊन खांबावर एकेक वायर काढत गेलो. तिसऱ्या खांबावरची पाचवी वायर काढली आणि फोनवरून आवाज आला, "गेलं, गेलं, थांबा!" त्या वायरच्या टोकाला एक घर. पोराने नागपूरहून त्याच दिवशी नवा राउटर आणला होता, वरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. आमची वायर त्याने निळ्या भोकात घालायची ती पिवळ्यात घातली होती. राउटरला वाटलं ही घरातली वायर आहे, म्हणून त्याने त्या वायरीवरून अख्ख्या मोहल्ल्याला आयपी वाटले. त्या पोराचा काय दोष? दोन भोकं सारखीच दिसतात. दोष आमच्या मांडणीचा होता. एका घरातली चूक दुसऱ्या घरात जायला वाटच असायला नको होती.

ही झाली निव्वळ चूक. दुसरी गोष्ट मला जास्त लागली. त्याच काळात एका घरी स्पीडची तक्रार पाहायला गेलो होतो. त्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोजचं नेटवर्क उघडलं तर अकरा मशीनची नावं आली. एक घरचं, बाकीची परक्यांची. त्यातल्या एकात 'स्कॅन' नावाचं फोल्डर होतं, पासवर्ड नाही, काही नाही. उघडलं तर आत सातबारा, जातीचे दाखले, रेशन कार्ड, बँकेच्या पासबुकाची पहिली पानं. तीन गल्ल्यांपलीकडे दाखले काढून देणारं एक केंद्र होतं. त्यांनी आपल्याच दोन मशीनमध्ये फायली ये-जा व्हाव्यात म्हणून फोल्डर शेअर केलं होतं. त्यांना वाटत होतं ते आपल्या दुकानापुरतंच आहे. प्रत्यक्षात ते सगळ्या मोहल्ल्यासाठी उघडं पडलं होतं. मी फोल्डर बंद केलं, केंद्रात जाऊन सांगितलं, शेअर काढून घेतलं. पण माझ्याआधी ते कोणी उघडलं होतं का, हे कळायचा काही मार्ग नव्हता. ज्या म्हाताऱ्या बायांनी पेन्शनसाठी ते कागद दिले होते, त्यांना तर इंटरनेट काय हेही माहीत नव्हतं.

तेव्हापासून हा विषय माझ्यासाठी नुसता तांत्रिक राहिलेला नाही. गिऱ्हाईक आपल्याला पैसे देतं ते इंटरनेटपर्यंत पोचायला. शेजाऱ्याला आपल्या घरात डोकावता यावं यासाठी नाही. दोन वायरी एका डब्यात येतात त्या आपल्या सोयीसाठी, आपला खर्च वाचावा म्हणून. त्याची किंमत गिऱ्हाइकाने का मोजावी?

आणखीही प्रकार झाले. एका पोराने फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून, त्याच एआरपीच्या दवंडीला खोटी उत्तरं देऊन, बाकीच्यांचं नेट तोडायला सुरुवात केली, का तर स्वतःला स्पीड मिळावा म्हणून. कुठे एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली आणि डेटा गोल गोल फिरून अख्खा भाग बंद पडला. आणि मुद्दाम करणाऱ्यांचं तर विचारूच नका. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला. तो विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या त्रुटीतून एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप उडी मारायचा, कोणी क्लिक करायची गरज नव्हती. त्याआधी २०१६ मध्ये मिराई नावाचा व्हायरस आला. तो तर तुमच्यासारख्यांच्या कॅमेऱ्यांत आणि डीव्हीआरमध्येच घुसायचा. त्याच्याकडे कंपनीने घालून दिलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या, त्या तो एकामागून एक लावून बघायचा. ज्या नेटवर्कवर घरं एकमेकांना उघडी असतात, तिथे असं एक मशीन अख्ख्या गल्लीला पुरतं.

आता आयसोलेशन म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? सगळ्यात साधा प्रकार म्हणजे स्विचला सांगायचं: गिऱ्हाइकाच्या पोर्टवरून आलेलं काहीही फक्त वर जाणाऱ्या पोर्टवर द्यायचं, दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पोर्टवर नाही. दवंडी दिली तरी ती वरच जाते, शेजाऱ्याला ऐकू येत नाही. आता स्वस्तातल्या स्विचवरही यासाठी बारीक बटण असतं. दाबलं की झालं. ओएलटीवर बहुतेक ठिकाणी ही सेटिंग आधीपासूनच चालू असते.

पण 'दाबलं की झालं' यावर मी स्वतः फसलोय, म्हणून इथे जरा थांबतो. कोणी छोटे ऑपरेटर वाचत असतील तर त्यांच्या कामाचं आहे. हे आयसोलेशन फक्त त्याच स्विचपुरतं असतं. आपल्याकडे खांबावरून खांबावर साखळी असते: पहिल्या स्विचमधून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. समजा पहिल्या खांबावर १ नंबरचं पोर्ट वर जातं, २ ते ७ गिऱ्हाइकांची, आणि ८ नंबरमधून पुढच्या खांबाची वायर निघते. मी २ ते ७ आयसोलेट केले आणि ८ ला हात लावला नाही, कारण ते काही गिऱ्हाईक नाही, आपलीच वायर आहे. दुसऱ्या खांबावरच्या गिऱ्हाइकाचा डेटा वर निघाला, पहिल्या खांबाच्या ८ मधून आत आला, आणि ८ मोकळं असल्याने तिथून २ ते ७ मध्ये सुखाने पसरला. म्हणजे एका खांबावरची घरं एकमेकांपासून सुरक्षित, पण पुढच्या खांबावरची घरं त्यांना दिसतायत. सहा महिने मला वाटत होतं काम झालंय. पुन्हा कोणीतरी राउटरची वायर उलटी लावली, पहिल्या खांबावरच्यांचं नेट गेलं आणि चूक दुसऱ्या खांबावर सापडली, तेव्हा कळलं. ८ नंबरही आयसोलेट करायचा, म्हणजे त्यातून आलेलं फक्त १ कडे जाईल. आणि जिथे दोन-तीन साखळ्या एकत्र येतात त्या वरच्या स्विचवरही तेच करायचं. साखळीतली एक कडी विसरली तर बाकीच्या कड्यांचा उपयोग अर्धा होतो.

मोठे ऑपरेटर याच्या पुढे जाऊन प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी व्हीलॅन देतात. म्हणजे एकाच वायरीत प्रत्येकाची स्वतंत्र नळी. व्हीलॅनचा नंबर बारा बिटांचा असतो, त्यामुळे वापरता येणारे नंबर ४०९४. जिल्ह्याच्या ऑपरेटरला हे पुरत नाहीत, म्हणून मग एका नंबरवर दुसरा नंबर चढवतात. बाहेरचा नंबर गावाचा, आतला घराचा. ४०९४ गुणिले ४०९४ म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर नळ्या होतात, अख्ख्या विदर्भातल्या घरांना पुरून उरतील. मला हीच पद्धत आवडते, कारण तक्रार आली की नंबर पाहून थेट घर सांगता येतं, टॉर्च घेऊन खांबावर चढावं लागत नाही. पण त्याला लागणारी मशीन आणि ती समजणारा माणूस, दोन्ही प्रत्येक गावात परवडतातच असं नाही. दीडशे गिऱ्हाइकांच्या ऑपरेटरने नुसतं पोर्ट आयसोलेशन साखळीभर नीट केलं, तर त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

आता यवतमाळचा मुद्दा. तुमचा डेटा वर जातो तो यवतमाळच्या बीएनजी नावाच्या मशीनकडे. बाजार समितीचं गेट आणि काटा डोळ्यासमोर आणा. कापूस शेजारच्याच गावचा असो की लांबचा, गाडी गेटमधून येते, नोंद होते, काट्यावर वजन होतं, मग पुढे. बीएनजीवर तुमचा युजरनेम-पासवर्ड तपासला जातो, ४० की १०० एमबीपीएस, तुमच्या प्लॅनचा स्पीड लावला जातो, आणि कोणत्या वेळी कोणता आयपी कोणाकडे होता याची नोंद होते. ही नोंद ऑपरेटरने हौसेने ठेवलेली नसते. परवान्याच्या अटींत ती आहे, आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतातच सांभाळावे लागतात. उद्या तुमच्या नावावरच्या आयपीवरून कोणी फसवणूक केली आणि पोलीस आले, तर ती नोंदच तुम्हाला वाचवते. डेटा गल्लीतल्या गल्लीत वळला असता तर ही नोंद झालीच नसती. उलट शेजाऱ्याने तुमचा आयपी उचलून वापरला असता आणि शिक्का तुमच्यावर बसला असता.

"पण एवढं लांब जाऊन येण्यात वेळ जात नाही का?" हिशोब करून बघा. फायबरमध्ये उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. तुमच्या गावापासून बीएनजी ४५ किलोमीटर धरू. घरापासून तिथे आणि तिथून दुकानात, झाले ९०. उत्तर परत यायचं, आणखी ९०. एकूण १८० किलोमीटर, म्हणजे एका मिलीसेकंदापेक्षाही कमी. मधल्या मशीनचा वेळ धरला तरी काही मिलीसेकंद. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तुमचं चित्र अडकतंय ते यवतमाळच्या अंतरामुळे नाही.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. रस्त्याच्या खोदकामात तालुक्याची फायबर तुटली की तुमचं घर आणि दुकान, तीनशे मीटरवर असूनही, एकमेकांना तुटतात. गावातल्या गावात काहीच चालत नाही. हा या रचनेचा खरा तोटा आहे, आणि तो मान्य करायलाच हवा. शाळा आणि तिचं वसतिगृह, जिनिंग आणि तिचं ऑफिस, अशा एकाच मालकाच्या दोन जागा असतील तर त्यांना आपसात जोडून द्यायची सोय तंत्रात आहे. त्या दोन पोर्टांचा वेगळा गट करायचा, गटातले एकमेकांशी बोलतील, बाकी कोणाशी नाही. त्या दोन जागा तालुक्यातल्याच एका ओएलटीवर असतील तर डेटा यवतमाळपर्यंत न जाता तिथूनच वळतो. तरी गाव आणि ओएलटी यांच्यामधली फायबर तुटली तर तोही बंद, हे लक्षात ठेवा. ऑपरेटरला यासाठी वेगळी सेटिंग करावी लागते, ती सांभाळावी लागते, म्हणून त्याने महिन्याला काही जास्त मागितले तर त्याला लूट म्हणता येणार नाही. काहीही न करता नुसतं "आयसोलेशन काढतो" म्हणून पैसे मागितले, तर मात्र देऊ नका. तसं काढलं तर तुमच्याबरोबर सगळ्या गल्लीचं दार उघडं होईल.

आता तुमचे कॅमेरे.

अ‍ॅपचं चित्र अडकतं त्याची बहुधा दोन कारणं आहेत. एक, अ‍ॅप आधी दोन्ही टोकं थेट जोडायचा प्रयत्न करतं, आणि ते जमलं नाही तर चित्र कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरवरून फिरवून आणतं. आयपीची टंचाई असल्याने आपल्याकडचे ऑपरेटर अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा आयपी देतात, आणि तशा ठिकाणी थेट जोडणी बरेचदा जमत नाही. दुसरं, डीव्हीआर चारही कॅमेरे पूर्ण दर्जात पाठवत असेल. एका कॅमेऱ्याला ४ एमबीपीएस धरले तरी चारांचे १६ एमबीपीएस दुकानातून सतत वर चढवावे लागतात. डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये 'सबस्ट्रीम' (कमी दर्जाचं हलकं चित्र) शोधा, तो प्रत्येक कॅमेऱ्याला अर्धा-एक एमबीपीएसवर ठेवा, आणि टीव्हीवर चारही एकत्र पाहताना तोच लावा. अर्ध्या लोकांचं काम एवढ्यानेच होतं, पैसेही लागत नाहीत.

तेवढ्याने नाही झालं तर व्हीपीएन. दुकानात वायरगार्ड (व्हीपीएनचं एक सॉफ्टवेअर) चालणारा राउटर, घरीही तसाच, आणि दोघांमध्ये कुलूपबंद बोगदा. त्यासाठी एका टोकाला तरी स्वतंत्र पब्लिक आयपी हवा, तो ऑपरेटर थोडे पैसे घेऊन देतो. दुकान आणि घर यांची आयपीची मालिका मात्र वेगळी करावी लागेल: घरी १९२.१६८.१ राहू द्या, दुकानात १९२.१६८.५० करा, नाहीतर वर सांगितलेला तोच घोळ होईल. एक विनंती आहे. कोणी सांगेल की पब्लिक आयपी घ्या आणि डीव्हीआरचं पोर्ट सरळ बाहेर उघडा, म्हणजे इंटरनेटवरून थेट डीव्हीआरपर्यंत दार मोकळं करा. ते करू नका. मिराईसारखे अजूनही फिरतायत, दिवसातून कितीदा दार ठोठावतात ते लॉगमध्ये दिसतं.

आणि तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? तीनशे मीटर म्हणजे काहीच नाही. दोन्ही गच्च्यांवर पाच गिगाहर्ट्झचे छोटे वायरलेस ब्रिज लावले असते. २०१८ मध्ये सरकारने या पट्ट्यातला बराचसा भाग परवानामुक्त केलाय, ठरवून दिलेल्या ताकदीच्या आत वापरला तर वेगळा परवाना लागत नाही. एकदाच खर्च, महिन्याचं भाडं नाही, आणि तालुक्याची फायबर तुटली तरी दुकान घरून दिसत राहतं. रस्त्यावरून स्वतःची तांब्याची वायर मात्र ओढू नका. जूनच्या पहिल्या वादळात वीज जवळपास जरी पडली तरी त्या वायरीतून झटका दोन्ही टोकांना जातो. असे जळालेले किती डीव्हीआर आणि स्विच मी पाहिले, त्याची गणती नाही. ब्रिजच्या पाइपालाही अर्थिंग करून घ्या.

फक्त ब्रिजला समोरासमोर मोकळी नजर लागते. घराच्या गच्चीवर उभं राहून दुकानाचा बोर्ड दिसतो का पाहा. मधे कडुलिंब असेल तर पानगळीत पानं कमी असताना दिसतंय यावर जाऊ नका, पावसाळ्यात तोच भरगच्च होतो आणि ओली पानं सिग्नल खातात. दोन्ही गच्च्यांवरून एकमेकांच्या दिशेने एकेक फोटो काढून टाका, आणि डीव्हीआरच्या मागच्या बाजूचाही एक. किती उंचीचा पाइप लागेल ते बघून सांगतो.